गुरुजींची प्रिंटरची वही

कोणाचा प्रिंटर चालेनासा झाला, की आमचे गुरुजी आधी त्याच्या कॉम्प्युटरचं मूळ गाव विचारत. गमतीनं नव्हे, अगदी गंभीरपणे. खुर्ची ओढून बसत, चष्मा पुसत, काखेतली लाल कापडी बांधणीची वही टेबलावर ठेवत आणि विचारत, "हा मूळचा कुठला?" म्हणजे कोणत्या खोलीतून इथं आला, आधी कोण वापरत होतं, कोणत्या साली घेतला, मध्ये कधी पुसून नव्यानं भरला का. समोरच्याला एक पान छापून हवं असे आणि गुरुजी त्याच्या यंत्राची वंशावळ काढत बसत. पण गुरुजींना घाई करायला लावेल असा माणूस आमच्या ऑफिसात नव्हता. खुद्द मालकांनाही ते कधी जमलं नाही.

ऑफिस दिंडोरी रस्त्यावर, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीचं. अकरा कॉम्प्युटर आणि सगळ्यांत मिळून एक मोठा प्रिंटर, जिन्याजवळच्या कोपऱ्यात. एकत्र कुटुंबातल्या एकुलत्या एका न्हाणीघरासारखी त्याची गत होती. सकाळी तो सगळ्यांना एकदमच लागे. गुरुजी कागदोपत्री स्टोअरकीपर. खोकी, चिकटपट्ट्या, जाळ्या हे त्यांचं खातं. प्रिंटर त्यांच्याकडे कधी आणि कसा आला हे कोणालाच नीट आठवत नव्हतं.

ते रोज त्र्यंबकेश्वराहून पहिल्या बसनं येत. घराणं तीर्थोपाध्यायांचं. थोरले भाऊ यजमान सांभाळत आणि धाकट्यानं नोकरी धरलेली. पण लहानपण आजोबांसमोर नामावळीच्या वह्या काढून देण्यात गेलेलं. यजमान दारात आला की आजोबा आधी गाव विचारत, मग आडनाव, मग आज्याचं नाव. त्यावरून नेमकी वही निघे, वहीतून त्या घराण्याचं पान निघे आणि पानावर यजमानाच्या पणजोबांची त्यांच्याच हातची सही असे. "सही बघून माणसं रडायची," गुरुजी सांगत. "आमच्या वहीत ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं असतं. दुसऱ्यानं लिहिलेलं असतं, तर कोण कशाला रडलं असतं?"

तीच रीत त्यांनी ऑफिसात चालवली. लाल वहीत प्रत्येक कॉम्प्युटरला एक पान. यंत्राचं वय, त्यात प्रिंटर चालवणारा कोणता ड्रायव्हर आहे, प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता काय, आणि खाली तारीखवार काय काय बदललं ते. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'करणारा' असं लिहून पुढे जागा सोडलेली. ज्यानं बदल केला त्यानंच तिथं नाव घालायचं. साहेब असो की शिपाई, गुरुजी पेन पुढे करत आणि थांबून राहत. वहीच्या मागच्या खिशात सुतळीला बांधलेला एक पेनड्राइव्ह होता, त्यात आजवरचे सगळे ड्रायव्हर.

मी तिथं लागले ती कॉम्प्युटरची पदवी घेऊन. सहा महिने उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम. वडील कामाला जात तो कारखाना नुकताच बंद पडलेला आणि धाकटी बहीण कॉलेजात, तेव्हा ती नोकरी टिकणं माझ्यापेक्षा आमच्या घराला जास्त गरजेचं होतं. आणि पहिल्याच दिवशी माझा स्वतःचा कॉम्प्युटर प्रिंटरला जोडला जाईना. मी इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवला, घातला, एक पान पाठवलं. प्रिंटरनं भराभर कागद ओकायला सुरुवात केली. प्रत्येक पानावर कसल्याशा चिन्हांची एक ओळ आणि बाकी कोरं. सारं ऑफिस मान वळवून बघत होतं. गुरुजी सावकाश उठले, कागदाचा ट्रे ओढून बाहेर काढला आणि माझ्या टेबलाशी आले.

"गाव कोणतं?"

"याच ऑफिसातला आहे हा," मी म्हणाले.

"तुमचं विचारतोय."

"इंदिरानगर."

"ते राहायचं ठिकाण झालं. गाव?"

"सटाणा. देवरे."

"बरोबर," ते म्हणाले. काय बरोबर ते त्यांनी सांगितलं नाही. मग मला प्रिंटरपाशी नेऊन त्याच्या अंगावरचा नंबर दाखवला. मी घातलेल्या ड्रायव्हरचा नंबर तोच होता, फक्त प्रिंटरच्या नंबरापुढे एक अक्षर जास्त होतं. "आडनाव एकच, घराणं वेगळं," गुरुजी म्हणाले. "सटाण्यात देवरे किती असतील? लग्नाची पत्रिका कोणाही देवऱ्यांच्या दारात टाकून चालेल का?" सुतळी सोडून त्यांनी पेनड्राइव्ह दिला, मी योग्य ड्रायव्हर घातला, पान छापलं. मग वही पुढे आली. मी 'करणारा'तला शेवटचा काना खोडून वेलांटी दिली आणि नाव लिहिलं. तेव्हापासून माझ्या ओळीपुढे ते आधीच 'करणारी' लिहून ठेवत.

गुरुजींचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी "प्रिंटर बंद पडलाय" म्हणत आलं की ते विचारत, "काल चालत होतं ना? मग कालपासून काय हललं ते सांगा." बहुतेक माणसं सांगत, "मी काहीच केलं नाही." डिस्पॅच सांभाळणारे पवारभाऊ तर शपथेवर सांगत. एकदा दोन दिवस त्यांचं एकही पान छापून आलं नाही. मी ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला निघाले होते. गुरुजींनी मला बाजूला केलं आणि पवारभाऊंना शांतपणे विचारत राहिले, परवा जेवणाआधी काय केलं, जेवणानंतर काय केलं. शेवटी निघालं असं, की पवारभाऊंनी मुलाच्या शाळेचा एक अर्ज फाईल करून पाठवला होता आणि तेव्हा प्रिंटरच्या जागी 'फाईल म्हणून ठेवा' हा पर्याय निवडला होता. कॉम्प्युटर त्यानंतर प्रत्येक पान इमानेइतबारे फाईल करून ठेवत होता. कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात चाळीसेक फायली सापडल्या.

"पण म्या काहीच नव्हतं केलं," पवारभाऊ म्हणाले.

"लिहा," गुरुजींनी पेन पुढे केलं.

दुसरा दंडक म्हणजे पुसायच्या आधी लिहायचं. काहीही काढून टाकण्याआधी तिथं काय होतं ते वहीत उतरवायचं. मला ही म्हातारपणाची सवय वाटे. चार क्लिकांत होणाऱ्या कामाला अर्धा तास कशाला, असं मी मनात म्हणे, आणि गुरुजींची पाठ वळली की न लिहिताच कामं उरके. बऱ्याचदा ती होतही असत. शिकलेल्या माणसाचा घात असाच होतो.

हंगामाचा पहिला कंटेनर ज्या दिवशी निघे, त्या दिवशी ऑफिसात सत्यनारायण घालायचा, हा मालकांचा नेम. मालकांना आम्ही सगळे आण्णा म्हणत असू. निफाडकडचा शेतकरी माणूस, स्वतःच्या बागेपासून सुरुवात करून कंपनीपर्यंत पोचलेला. पूजा सांगायला अर्थात गुरुजीच. त्या दिवशी स्टोअरकीपर सोवळं नेसून चौरंगापाशी बसत आणि मालक-मालकीण त्यांच्यासमोर पाटावर. आरती झाली की गाडीपुढे नारळ फुटे आणि गाडी बंदराकडे निघे. जहाजाची वेळ ठरलेली. दोनच्या आत गाडी हलली नाही, तर जहाज चुकणार.

माझा चौथा महिना होता. साडेनऊला पूजा सुरू झाली आणि दहाला पवारभाऊंनी मला खुणेनं बोलावलं. प्रिंटर दिसत नव्हता. त्यांच्याच नव्हे, कोणाच्याच कॉम्प्युटरवर. कंटेनरबरोबर द्यायचे कागद छापायचे होते, खोक्यांच्या पॅलेटवर चिकटवायची लेबलं छापायची होती. ती वेगळ्या मापाच्या चिकट कागदावर निघत, आणि तो कागद पलीकडच्या झेरॉक्सवाल्याच्या मशीनमध्ये अडकून बसतो हे आदल्या वर्षी सिद्ध झालेलं होतं.

मी पूजेशी जाऊन उभी राहिले. पहिला अध्याय चालू होता. कथा सुरू झाली की गुरुजी मध्ये उठत नसत, की दुसरा शब्द बोलत नसत. आण्णाही पाटावर अडकलेले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा वाचला आणि तळहात किंचित वर केला. आज मला पक्कं कळतं, ती खूण 'थांबा' अशी होती. तेव्हा मी तिचा अर्थ 'सांभाळा' असा लावला.

आणि मी सांभाळायला घेतलं. एका कॉम्प्युटरवरचा ड्रायव्हर काढला, नवा घातला. प्रिंटर काही सापडेना. दुसऱ्यावरचा काढला. तिसऱ्यावरचा काढला. तिकडे अध्याय पुढे सरकत होते, इकडे मी टेबलामागून टेबल. लिहून ठेवायचं भान कुठलं? सहाव्या कॉम्प्युटरवर माझ्या लक्षात आलं, की लेबलांची मापं ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये भरलेली होती. कुठून किती जागा सोडायची, दोन लेबलांत किती अंतर, सगळं. ती दोनच कॉम्प्युटरांवर होती आणि दोन्हींवरची मी माझ्या हातानं पुसली होती.  चुकलं हे कळत होतं आणि थांबायचं कसं ते कळत नव्हतं.

बारा वाजता आरती संपली. गुरुजी उठले ते तीर्थ घेऊन सरळ प्रिंटरपाशी. सोवळं, उपरणं, कपाळावर गंध, अशा अवतारात त्यांनी प्रिंटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा माहितीचा कागद छापला. "छापतोय. म्हणजे हा धडधाकट आहे," ते म्हणाले. कागदावरचा पत्ता वहीतल्या पत्त्याशी ताडून पाहिला. शेवटचे आकडे जुळत नव्हते. "पत्ता बदललाय याचा. आपण सगळे जुन्या घरी पत्रं टाकतोय." मग जमलेल्या सगळ्यांकडे वळून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "काल चालत होतं. कालपासून काय हललं?"

गुरुजींची नजर चौरंगाभोवतीच्या दिव्यांच्या माळेवर गेली. माळेच्या वायरीवरून ते बोट फिरवत चालत गेले, भिंतीपाशी पोचले आणि क्षणभर तिथंच उभे राहिले.

"राऊटरचा प्लग इथं होता," ते म्हणाले. "सकाळी माळेसाठी मी काढला आणि पलीकडं लावला. सगळ्यांना पत्ते तोच वाटतो. तो बंद होऊन चालू झाला. तेवढ्यात पाहुण्यांचे मोबाइल आत शिरले आणि प्रिंटरची जागा गेली." मग आण्णांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आण्णा, करणारा मी."

"तुम्ही?" आण्णांचा विश्वास बसेना. "गुरुजी, लय उशीर झाला ना आपल्याला."

"झाला. चूक माझी आहे. गाडी दोनच्या आत काढतो."

नवा पत्ता घालायला ते माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसले आणि त्यांना सगळं दिसलं. जुना ड्रायव्हर गायब, लेबलांचं माप गायब. त्यांनी मान न वळवता हलक्या आवाजात विचारलं, "किती ठिकाणी?"

"सहा."

"मापं लिहिलीत?"

मी मान हलवली. नाही. त्यांनी वही उघडली, 'लेबल' असं वर लिहिलेलं पान काढलं आणि एकेक आकडा वाचून दाखवू लागले. मी भरत गेले. पहिलं लेबल तिरकं आलं, दुसरं कडेला कापलं गेलं, तिसरं नीट बसलं. नुसता पत्ता बदलायला दहा मिनिटं लागली असती. बाकीचा तासभर माझा होता, आणि हे आम्हां दोघांनाच माहीत होतं. पावणेदोनला नारळ फुटला आणि गाडी फाटकाबाहेर पडली.

दुपारी प्रसादाचा शिरा खाऊन झाल्यावर गुरुजींनी मला स्टोअरमध्ये बोलावलं. वहीत दोन नोंदी केलेल्या होत्या. पहिली, पूजेसाठी राऊटरचा प्लग काढला, प्रिंटरचा पत्ता बदलला. त्यापुढे त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव. दुसरी, सहा कॉम्प्युटरांवरचे ड्रायव्हर न लिहिता काढले, लेबलांची मापं गेली. करणारी, आणि पुढे कोरं. पेन माझ्यासमोर होतं.

"गुरुजी," मी म्हणाले, "माझे अजून दोन महिने आहेत उमेदवारीचे. आण्णा ही वही बघतात."

ते रागावले नाहीत. "माझं नाव इथं वीस वर्षांचं आहे," ते म्हणाले. "एका प्लगानं ते मळत नाही. तुमचं चार महिन्यांचं. आण्णांना मी काही सांगणार नाही. पण ही ओळ मी भरणार नाही. तुम्हीच भरा, जमेल तेव्हा." वही मिटून त्यांनी फळीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी राऊटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला, म्हणजे पुन्हा कोणी प्लग काढला तरी तो हलणार नाही. ती नोंद मी झोकात केली, नावासकट. नेमकी त्या कोऱ्या जागेच्या खाली. गुरुजींनी वाचली, "चांगलं केलंत" म्हणाले आणि कोऱ्या जागेबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर वही उघडताना मी ते पान अंगठ्यानं दाबून पुढे जायला शिकले.

मार्चमध्ये मला कायम केल्याचं पत्र मिळालं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस गुरुजी निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ द्राक्षं खोक्यांत भरायच्या पॅकहाउसच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. पवारभाऊ बोलले, आण्णा बोलले, आणि मग कोणीतरी म्हणालं, देवरेताईंनी दोन शब्द बोलावेत. मी वही घेऊनच उभी राहिले. फार मोठं धैर्य होतं असं सांगणार नाही, पत्र हातात पडलेलं होतं. पण दिलेलं पत्र परतही घेता येतं आणि आण्णांचा राग तालुक्याला ठाऊक होता. मी पूजेच्या दिवसाचं पान काढून दोन्ही नोंदी मोठ्यानं वाचल्या. दुसरीपाशी थांबले, पेन काढलं, उभ्या उभ्या कोऱ्या जागेत माझं नाव लिहिलं आणि तेही वाचून दाखवलं.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजी त्या दिवशी नुसता प्लग नव्हता?"

"नाही, आण्णा. तासभर माझ्यामुळं गेला."

"आता प्रिंटर चालतोय का?"

"चालतोय."

"मग बसा जेवायला, पुऱ्या गार व्हत्यात," आण्णा म्हणाले. ताटावर बसता बसता माझ्याकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. "ती वही आता तुझ्याकडं राहू दे. दुसरं कोणी लिहिणार नाय."

संध्याकाळी मी गुरुजींना बसपर्यंत सोडायला गेले. शाल, श्रीफळ, हार यांची पिशवी माझ्या हातात होती. बस आली, ते पायरीवर चढले आणि वळून म्हणाले, "अक्षर सुधारा. शंभर वर्षांनी कोणाला तरी वाचायचंय." एवढंच. मी हसत घरी आले आणि जिना चढताना मला रडू फुटलं.

त्याला बरीच वर्षं झाली. वही आता तिसरी चालू आहे, कॉम्प्युटर तीस, प्रिंटर चार. मी हाताखालच्या माणसांना ड्रायव्हर काढू देण्याआधी लिहायला लावते आणि ती माझ्या माघारी मला हसतात, हेही मला ठाऊक आहे. अडलं की मी त्र्यंबकला फोन लावत असे. गुरुजी 'हॅलो' म्हणत नसत. "काय हललं?" असंच विचारत, आणि उत्तर देता देता निम्म्या वेळा मलाच उलगडा होई.

गेल्या वर्षी ते आजारी असल्याचं कळलं. मी ऑफिसातूनच फोन केला.

"काय हललं?" आवाज पार खोल गेला होता.

"काही नाही, गुरुजी. सगळं चालतंय."

"मग फोन कशाला केलात?"

"सहज. तुम्ही कसे आहात?"

"सगळं चालू असताना तुमचा फोन पहिल्यांदाच आला," ते म्हणाले. "बरं वाटलं. लिहून ठेवा."

मी खरंच लिहून ठेवलं. गुरुजींशी बोलले, काही बिघडलेलं नव्हतं. करणारी, आणि पुढे माझं नाव.

पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पोचले तर हिशेब खात्यातली नवी मुलगी माझी वाट बघत उभी होती. तिचा प्रिंटर छापत नव्हता. मी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, वही टेबलावर ठेवली आणि सवयीनं विचारलं, "काल चालत होतं ना? मग कालपासून काय हललं?" आणि पुढे मला बोलताच येईना. ती बिचारी घाबरून म्हणाली, मी काहीच केलं नाही, मॅडम. मी तिला बसायला सांगितलं, वही उघडली आणि आधी गुरुजी गेल्याची ओळ लिहिली. अक्षर जमेल तितकं सुवाच्य काढलं. मग तिच्या कॉम्प्युटरकडे वळले आणि विचारलं, "हा मूळचा कुठला?"